माहेरच्या नावावरचा लेख

डॉक्टरबाईंना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. सकाळी झाडांना पाणी, मग पेपर, मग पेपरातल्या कुठल्यातरी बातमीवरून नवऱ्याशी वाद, असं सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नऊ पानांचा फॉर्म पाठवून दिला.

हा विद्यार्थी आता स्वतःच टक्कल पडलेला प्राध्यापक होता, आणि तातडीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचा सचिवही. संघटना दरवर्षी एका ज्येष्ठ संशोधकाचा गौरव करायची. "मॅडम, यंदा तुमचं नाव गेलंच पाहिजे," तो फोनवर म्हणाला. "तुम्ही फक्त फॉर्म भरा, बाकीचं मी बघतो."

"अरे, मी कुठली संशोधक? मी कॅज्युअल्टीत उभी राहून जन्म काढला."

"उभ्या उभ्याच तर एवढे लेख लिहिलेत, मॅडम."

पहिली पाच पानं डॉक्टरबाईंनी एका बैठकीत भरली. जन्म, शिक्षण, नोकरी. सहाव्या पानावर गाडी अडली. एकूण प्रकाशित लेख किती? इतर संशोधकांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला? एच-इंडेक्स किती?

"हे एच काय आहे?" नवऱ्यानं चष्मा कपाळावर ढकलत विचारलं. ते डॉक्टरबाईंच्याच हॉस्पिटलच्या बांधकाम विभागात ड्राफ्ट्समन होते. उभं आयुष्य सरळ रेघा काढण्यात गेल्यामुळे वाकडं काही दिसलं की त्यांना राहवत नसे. आताही ते फॉर्म टेबलाच्या कडेला समांतर लावत होते.

"मला नका विचारू. माझ्या वेळेला नव्हतं हे."

"मग तुझ्या वेळेला काय होतं?"

डॉक्टरबाईंच्या वेळेला ग्रंथपाल होते. कॉलेजच्या ग्रंथालयात तळमजल्यावर एका कपाटात विटेएवढे जाड ग्रंथ असायचे, आणि कुणी कुणाच्या लेखाचा आधार घेतला हे त्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं. ग्रंथपाल हातात भिंग घेऊन बसायचे आणि नाव सापडलं की स्वतःला लॉटरी लागल्यासारखे ओरडायचे, "डॉक्टरबाई, सापडलात तुम्ही!" वर्षाकाठी दोन-तीनदा असं व्हायचं. त्याहून मोठा आनंद पोस्टकार्डांचा. कुठल्या कुठल्या शहरांतून कार्डं यायची, 'आपल्या लेखाची एक प्रत पाठवण्याची कृपा करावी.' एका गृहस्थाचं अक्षर तर असं होतं की पत्ता वाचायला औषधांच्या दुकानदाराकडे जावं लागलं होतं. प्रत पाकिटात घालून, तिकीट चिकटवून पाठवताना डॉक्टरबाईंना वाटायचं, आपण इथे आठ खाटांच्या खोलीत उभ्या आहोत खऱ्या, पण आपला आवाज लांब कुठेतरी पोचतोय.

रविवारी त्यांच्या बहिणीची मुलगी आली. ती बँकेत संगणकाचं काम बघायची आणि मावशीची असली कामं हसत करून द्यायची. तिनं लॅपटॉप उघडला, मावशीचं नाव टाकलं आणि वाचून दाखवलं, "एकूण लेख अठ्ठावीस. संदर्भ दोनशे एकतीस. एच-इंडेक्स आठ."

"म्हणजे काय ते तरी सांग."

"म्हणजे तुझे आठ लेख असे आहेत की प्रत्येकाला कमीत कमी आठ जणांनी मानलंय."

"आणि सलाईनवाला?" डॉक्टरबाईंनी जरा पुढे सरकून विचारलं.

सलाईनवाला लेख म्हणजे त्यांचा लाडका. रक्तस्रावानं खचलेल्या रुग्णाला सलाईन किती आणि किती वेगानं द्यावं, यावर त्यांनी सहा वर्षं घालवली होती. सुट्ट्या रद्द केल्या होत्या. धाकट्या दिराच्या लग्नात त्या वरमाईच्या शेजारी बसून तक्ते तपासत होत्या, हे सासरी अजून कुणी विसरलं नव्हतं.

भाचीनं खाली खाली जात तो शोधला. "अकरा."

"अकराशे?"

"नुसते अकरा, मावशी." मग तिनं आणखी एक कळ दाबली आणि तिला हसू आवरेना. "आणि त्यातले चार तूच दिलेत."

"घ्या!" नवरा म्हणाला. "आपल्याच लग्नात आपणच आहेर केला."

डॉक्टरबाईही हसल्या, पण आतून त्यांना लागलं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अगं, पण अठ्ठावीस कसे? एक्केचाळीस आहेत. लग्नाआधीचे तेरा कुठे गेले?"

भाचीनं मावशीचं माहेरचं आडनाव टाकलं. मग तिनं लॅपटॉप मावशीकडे वळवला. "मावशी, संगणकाच्या हिशेबानं तुम्ही दोघी आहात. एक सासरची, एक माहेरची. सासरची कष्टाळू आहे. पण माहेरचीनं नाव काढलंय. हा एक लेख बघ, अडीच पानांचा. नऊशे बेचाळीस संदर्भ."

डॉक्टरबाईंनी लेखाचं नाव वाचलं. 'तातडीच्या विभागातील रुग्णांच्या श्वासांची पूर्ण मिनिट मोजणी.' लेखक दोन. पहिलं नाव तेव्हाच्या विभागप्रमुखांचं. दुसरं त्यांचं.

"अगं, हा तर तोच!" नवरा उठून जवळ आला. "हा तर आपलाच!"

ते 'आपलाच' म्हणाले याला कारण होतं. त्या लेखातला आलेख त्यांनी काढला होता. तेव्हा ते बांधकाम विभागात नवे होते आणि अंगात पांढरा कोट घातलेली एक बाई दुपारी त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "मला एक रेघ काढून हवी आहे. पण ती नेमकी हवी." रेघेसाठी त्यांनी तिला चार वेळा बोलावून घेतलं. एकदा शाई फुटली म्हणून, एकदा कागद चांगला नाही म्हणून. पुढच्या दोन वेळांना कारणसुद्धा नव्हतं.

भाचीला ही गोष्ट पाठ होती. तरी तिनं ती पुन्हा ऐकली आणि चहा पिऊन गेली. जाताना म्हणाली, "सोपं आहे मावशी. दोन्ही नावं जोडून टाकते. मग तुझा आकडा इतका वर जाईल की फॉर्मला घाम फुटेल."

"थांब जरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी सांगते तुला."

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या लेखात दोन नावं आहेत. तीन हवी होती. आणि तिसरं पहिलं हवं होतं."

अडतीस वर्षांपूर्वी डॉक्टरबाई एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर सहा महिन्यांनी ती पुढे वाढवायची की नाही हे विभागप्रमुख ठरवायचे. कॅज्युअल्टी म्हणजे एक लांबट खोली होती, आठ खाटा, हिरवे पडदे, एक धुण्याचं बेसिन ज्याचा नळ सोडताना चीं करायचा. त्या खोलीची खरी मालकीण होती मोठी सिस्टर. उंच, हडकुळी, छातीवर पिनेनं उलटं लटकवलेलं घड्याळ. शिकाऊ मुली पाठीमागे तिला मिनिटसिस्टर म्हणायच्या, कारण खाटेपाशी उभी राहून ती रुग्णाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायची आणि त्या मिनिटात देव जरी आला तरी त्याला हातानं 'थांबा' अशी खूण करायची.

बाकी कुणी मोजत नसे. नाडी, रक्तदाब, ताप, सगळं बघायचे. श्वासाच्या रकान्यात मात्र सगळ्यांच्या पुढे वीस. म्हाताऱ्याचे वीस, तरण्याचे वीस, धापा टाकणाऱ्याचे वीस. लिहिणाऱ्याचा हात आपोआप वीस लिहायचा.

एका सकाळी एक पोस्टमन आला. पंचेचाळिशीचा, खोकला आणि थोडा ताप. रक्तदाब ठीक. गडी बोलका होता. "डॉक्टर, मला लवकर मोकळं करा हो. माझ्या पिशवीत एकाच्या नोकरीचं पत्र आहे," असं म्हणत होता. डॉक्टरबाई शेजारच्या खाटेवर एका अपघाताच्या रुग्णात अडकल्या होत्या. मोठ्या सिस्टरनं येऊन सांगितलं, "डॉक्टर, चार नंबर. श्वास चौतीस आहे."

डॉक्टरबाईंनी मान वळवून कागद पाहिला. "वीस लिहिलंय की."

"लिहिलंय. मी मोजलाय."

"येते हं सिस्टर, एवढं झालं की." अर्ध्या तासानं सिस्टर पुन्हा आली. डॉक्टरबाई पुन्हा "येते" म्हणाल्या. त्या गेल्या तेव्हा पोस्टमनचं बोलणं थांबलं होतं. दुपारी जेवायच्या वेळेला तो गेला. पिशवी खाटेखालीच होती. पोस्टातून दुसरा माणूस येऊन ती घेऊन गेला.

त्या दिवशी डॉक्टरबाई औषधांच्या खोलीत पाठ भिंतीला लावून बसल्या होत्या. सिस्टर आत आली. ओरडली नाही, समजूतही घातली नाही. म्हणाली, "उद्यापासून सगळ्यांचे मोजू या. आलेल्या प्रत्येकाचे. लिहून ठेवू. पुढे काय झालं तेही लिहू. मग बघू, वीस कुणाचे होते."

चौदा महिने मोजले. वही सिस्टरची, रकाने सिस्टरनं आखलेले, श्वास बहुतेक सिस्टरनं आणि तिच्या हाताखालच्या दोन मुलींनी मोजलेले. डॉक्टरबाईंनी रुग्णांचं पुढे काय झालं ते वॉर्डावॉर्डांत फिरून शोधलं आणि आकडेमोड केली. बाराशे बारा रुग्ण. ज्यांचा श्वास सुरुवातीलाच जोरात होता, ते बरे दिसत असले तरी त्यांतले कितीतरी दिवसभरात कोसळले होते. आणि त्यांच्याच कागदांवर, एकाखाली एक, वीस, वीस, वीस.

विभागप्रमुखांना सगळे 'बडे सर' म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मसुदा घेतला, भाषा घासूनपुसून लख्ख केली, आपल्या टंकलेखकाकडून तीन प्रती काढून घेतल्या, संपादकांना स्वतः पत्र लिहिलं. फक्त लेखकांच्या ओळीपाशी त्यांचं पेन थांबलं.

"सिस्टरचं नाव? अहो, हा शोधनिबंध आहे, ड्यूटीचा तक्ता नाही. आभारात घालू."

आणि त्यांनी ते नाव खोडलं. डॉक्टरबाई टेबलाच्या या बाजूला उभ्या होत्या. नेमणुकीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

पाच महिन्यांनी छापील प्रती आल्या. आभारात नाव नव्हतंच, 'विभागातील परिचारिका वर्गाचे सहकार्य लाभले' एवढंच होतं. एक प्रत त्यांनी सिस्टरला नेऊन दिली. सिस्टरनं उभ्या उभ्या ती पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, दुमडली, खिशात घातली. "छान छापलंय," म्हणाली आणि सहा नंबरच्या खाटेकडे गेली. वर्षभरात तिची बदली परिचारिकांच्या शाळेत झाली. डॉक्टरबाईंची नोकरी कायम झाली, लग्न झालं, नाव बदललं. नव्या नावावर त्यांनी नवं काम सुरू केलं. श्वासावर पुन्हा कधी लिहिलं नाही. का लिहिलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सलाईनचं कारण सांगितलं असतं.

"मग आता काय करणार?" सगळं ऐकून नवऱ्यानं विचारलं.

"आहेत की नाही, तेच माहीत नाही मला."

"शोधायला काय जातंय?"

शोधायला दहा दिवस गेले. सिस्टर होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, भावाच्या मुलीकडे, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. डॉक्टरबाई जिना चढून गेल्या तेव्हा दार उघडंच होतं. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, ओळखीचं एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त हातानं 'थांबा' अशी खूण केली. डॉक्टरबाई उंबऱ्यातच थांबल्या, धापा टाकत.

"अठ्ठावीस," बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाल्या. "एका जिन्याला अठ्ठावीस म्हणजे जास्त झाले, डॉक्टर. चालत जा थोडं रोज. या, बसा."

सिस्टरच्या भाचीनं सरबत आणलं. मग जुन्या गप्पा निघाल्या आणि दोघी थांबेनात. तो चीं करणारा नळ. उभ्या उभ्या झोप काढणारा वॉर्डबॉय, ज्याला झोपेतही स्ट्रेचर बरोबर ढकलता यायचं. कुणी किती वेळा नापास झालं, कुणी कुणाशी पळून गेलं. "आणि तो तुमचा रेघवाला?" सिस्टरनं विचारलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं मुलींना, एका रेघेला चार चकरा मारायला लावणारा माणूस रेघ नाही काढत, रांगोळी घालतोय."

मग डॉक्टरबाईंनी पर्समधून आपल्या भाचीनं छापून दिलेले कागद काढले. सगळं सांगितलं. दोन नावं, नऊशे बेचाळीस, बडे सरांचं पेन. "मी तिथे उभी होते, सिस्टर. मी काहीच बोलले नाही. मला तेव्हाच माफी मागायला हवी होती."

सिस्टरनं कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "वाईट वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? महिनाभर वाटलं. सरांचं नाही वाटलं, ते तसेच होते. तुमचं वाटलं. मग नंतर वाटलं, पोरीची नोकरी कच्ची होती, ती तरी काय करणार." जरा थांबून म्हणाल्या, "पण मला त्याहून दुसरंच खात राहिलं. मी दोनदाच सांगितलं तुम्हाला. चार नंबरचं. तिसऱ्यांदा हात धरून ओढून न्यायला हवं होतं. मी नाही ओढलं. वाटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळतं."

डॉक्टरबाईंनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती दुपार आपल्या एकटीच्या वाट्याला आली आहे. सिस्टरच्या भाचीनं आतून येऊन रिकामे ग्लास उचलले, दोघींकडे पाहिलं आणि ती परत आत गेली.

"बरं, हे नऊशे म्हणजे काय?" सिस्टरनं विचारलं. "नऊशे ठिकाणी मोजतात आता?"

"नाही सिस्टर, नऊशे लेखांत आपल्या लेखाचा उल्लेख आहे."

"ते कळलं. मोजतात का, ते विचारतेय मी."

"बघून सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या आपल्या जुन्या हॉस्पिटलात गेल्या. कॅज्युअल्टी आता नव्या इमारतीत होती, प्रत्येक खाटेला मॉनिटर, चकचकीत फरशी. तिथे श्वास यंत्रच मोजत होतं. पण रुग्ण तिथून वरच्या वॉर्डात जायचे, आणि वर यंत्रं नव्हती, माणसं होती. वॉर्डची मुख्य परिचारिका त्यांना ओळखत होती. तिनं कागद बघू दिले. बावीस खाटा. वीस, वीस, अठरा, वीस, वीस, अठरा. डॉक्टरबाई खाटेमागून खाट पुढे जात राहिल्या आणि प्रत्येक कागदागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. नऊशे बेचाळीस विद्वानांनी आपल्या लेखाच्या शेवटी त्यांचं नाव छापलं होतं, आणि त्यांच्याच हॉस्पिटलात, त्यांच्याच कॅज्युअल्टीच्या वरच्या मजल्यावर, अजून वीस होतं.

सतराव्या खाटेपाशी तेवीस होतं.

"हे कुणी लिहिलं?"

एक नवीन परिचारिका घाबरत पुढे आली. तिला वाटलं, चुकलं काहीतरी. "मीच लिहिलं, मॅडम. मोजून लिहिलं."

"किती वेळ मोजलंस?"

"पूर्ण मिनिट. आमच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, कागदावर वीस दिसलं की समजायचं, कुणीतरी चहाला गेलंय."

"आणि त्यांना कुणी शिकवलं?"

"त्यांच्या बाईंनी. म्हणजे खूप जुन्या एक सिस्टर होत्या म्हणे शाळेत, त्यांच्या वर्गात मिनिटभर कुणी शिंकलं तरी परत पहिल्यापासून मोजायला लावायच्या."

डॉक्टरबाईंनी वॉर्डाच्या दारातूनच फोन लावला. सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरबाईंना वाटलं होतं, त्या खूश होतील.

"बाविसात एक?" फोनवर आवाज चढला. "एकच? आणि तुम्ही ते मला आनंदानं सांगताय?"

दोघींनी मिळून पत्र लिहायचं ठरलं ते त्यानंतर. डॉक्टरबाईंनी आधी नियतकालिकाच्या संपादकांना विचारून पाहिलं, जुन्या लेखात नाव घालता येईल का? संपादक बाई तरुण असाव्यात. त्यांनी नम्रपणे कळवलं की लेखाला छत्तीस वर्षं झाली, पहिले लेखक हयात नाहीत, त्यांच्या संमतीशिवाय यादी बदलता येत नाही. पण लेख कसा घडला हे सांगणारं पत्र पाठवलंत तर आम्ही छापू, आणि ते मूळ लेखाला कायमचं जोडून ठेवू. शब्द चारशेच्या आत.

चारशे शब्द लिहायला त्यांना तीन आठवडे लागले, कारण सिस्टरला विशेषणं चालत नव्हती. "'निष्ठेनं' काढा," त्या म्हणायच्या. "निष्ठा कसली? ड्यूटी होती." पत्रात सगळं आलं. वही कुणाची, मोजलं कुणी, नाव कुणी खोडलं आणि कोण गप्प राहिलं, तेही. बडे सरांनी काय काय मदत केली हेही लिहायचा आग्रह सिस्टरचाच. खाली दोन नावं. पहिलं सिस्टरचं. दुसऱ्या नावात डॉक्टरबाईंनी माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लिहिली. मगच भाचीला सांगितलं, "आता जोड आमच्या दोघींना."

गौरव काही त्यांना मिळाला नाही. आकडा पुष्कळ वर गेला होता, पण हृदयरोगाच्या एका तज्ज्ञाचा त्याहून कितीतरी वर होता. टक्कल पडलेला विद्यार्थी फोनवर फार हळहळला. डॉक्टरबाई "अरे, असू दे" म्हणाल्या. नंतर दोन दिवस त्यांनी झाडांना जरा जास्तच पाणी घातलं. नवरा ते बघत होता, पण शहाणा माणूस, त्यानं पेपर वर धरला.

पत्र छापून आलं तेव्हा त्या ते घेऊन पुन्हा तो जिना चढल्या. सिस्टरनं पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आपलं नाव आलं तिथे बोट ठेवलं. मग आपल्या भाचीला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं वाच," म्हणाल्या. तिनं वाचून संपवलं तेव्हा सिस्टरचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आता मला शाळेत घेऊन चला," त्या म्हणाल्या. "त्या बाविसाचं काहीतरी केलं पाहिजे."

परिचारिकांच्या शाळेचा वर्ग तळमजल्यावर होता हे नशीब. नवऱ्यानं गाडी काढली, सिस्टरच्या भाचीनं काठी घेतली. साठ मुली आणि सात-आठ मुलगे उभे राहिले. सिस्टरनं भाषण केलं नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दोघादोघांच्या जोड्या करा. समोरच्याचे श्वास मोजा. तो बोलत असेल तर गप्प करा. मी सांगेन तेव्हा सुरू, सांगेन तेव्हा बंद."

डॉक्टरबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची मुलगी एकटी उरली होती. तिनं लाजत विचारलं, "आजी, मी तुमचे मोजू?"

"मोज की."

वर्ग शांत झाला. बाहेर कुणीतरी सायकलला स्टँड लावला, त्याचा आवाज आला आणि गेला. मुलीची नजर डॉक्टरबाईंच्या खांद्यावर खिळली होती, ओठ किंचित हलत होते. मिनिट किती मोठं असतं हे डॉक्टरबाई विसरून गेल्या होत्या. त्यांना एकदम आपण एकोणतीस वर्षांच्या असल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं सुखाचं होतं की दुखरं, हे त्यांना ठरवता आलं नाही.

"बंद," सिस्टर म्हणाल्या. "ज्यांचे वीस आले त्यांनी हात वर करा."

चौदा हात वर झाले. सिस्टरनं ते सगळे नीट पाहून घेतले.

"छान. आता पुन्हा मोजा."

दोन वर्षं दर गुरुवारी डॉक्टरबाई त्यांना शाळेत नेत होत्या. तिसऱ्या वर्षी सिस्टरचे गुडघे जिन्याला तयार होईनात, तेव्हापासून त्या घरीच असतात आणि गुरुवारी संध्याकाळी फोन करून विचारतात, "आज किती हात?" डॉक्टरबाई एकट्याच जातात. मागच्या गुरुवारी तीन होते.